ट्रेक लीडर व्हायचंय? आधी रद्द झालेल्या ट्रेकचा हिशोब मांडा



पावसाळ्यातल्या कुठल्याही शनिवार-रविवारी सापुताऱ्याला जाऊन बघा. गाडी लावायला जागा शोधावी लागते. सुरत, वलसाड, वापी, नाशिक, चहूकडून माणसं आलेली असतात. मक्याची कणसं विकणाऱ्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हाताला काम. आणि तिथून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर, महाराष्ट्राच्या हद्दीत, सुरगाणा तालुक्यातलं हातगड गाव आहे. गावाच्या डोक्यावर सुमारे साडेतीन हजार फुटांचा किल्ला, कातळात कोरलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी, वरून दिसणारी डोंगरांची रांग. तालुक्यात पुढे केळावणजवळ भिवतासचा धबधबा आहे. नार, पार, तान, मान अशा नद्यांची खोरी आहेत. म्हणजे माल भरपूर आहे, पण दुकान मांडलेलं नाही.

याच तालुक्यातली तरुण पोरं दिवाळी झाली की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवरच्या काही गावांनी 'आम्हाला गुजरातमध्ये घ्या' अशी मागणी केली, तेव्हा ती बातमी राज्यभर गाजली. पलीकडे रस्ते, वीज, पर्यटक. अलीकडे काय, असा त्यांचा साधा सवाल होता. तो सवाल सरकारने सोडवायचा तेव्हा सोडवेल. आपण इथे धंद्याचं बोलूया.

'गावात बसून ट्रेकिंगचा धंदा' या व्हिडिओत मी फळ्यावर जो हिशोब मांडला, तो बऱ्याच जणांनी लिहून मागितला. म्हणून हा लेख. तुम्ही सुरगाण्याचे असा, पेठ-त्र्यंबकचे असा नाहीतर अकोले-जव्हारचे. आकडे बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील.

तुम्ही नेमकं विकता काय?

बहुतेक जण म्हणतात, निसर्ग. सर, आमच्याकडे निसर्ग लय भारी आहे! असेल ना. पण निसर्गाचं तिकीट तुम्हाला फाडता येत नाही. हातगडावर कुणीही आपापल्या पायांनी चढू शकतो. मग तो तुम्हाला पैसे कशाचे देतो? सकाळी आलेली बारा माणसं संध्याकाळी धडधाकट, पोटभर जेवून, हसत गाडीत बसवून देण्याचे. तुमचा माल तो आहे.

आणि हा माल तुमच्याकडे शहरातल्या आयोजकापेक्षा चांगला आहे. कोणता ओहळ पावसाच्या पहिल्या तासात भरतो, कोणता दुसऱ्या दिवशी. कुठल्या कातळावर शेवाळ धरतं. आग्या मोहोळ यंदा कुठल्या कड्याला लागलंय. हे तुम्ही लहानपणापासून गुरांमागे फिरताना शिकलात. चालण्याचं तर विचारूच नका. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये सुरगाण्याची माणसं मोठ्या संख्येने होती. अनवाणी चालून पायाची सालं निघालेल्या बायाबापड्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील.

पण इथेच एक गफलत होते. स्वतः डोंगर चढता येणं आणि बारा अनोळखी माणसं डोंगरावर नेऊन आणता येणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं तुम्हाला येतं. दुसरं शिकावं लागतं. आज काय होतं? शहरातला आयोजक बस भरून आणतो, तुम्हाला वाटाड्या म्हणून दिवसाचे चार-पाचशे टेकवतो. वाट तुमची, जोखीम तुमची, ग्राहकांचे फोन नंबर मात्र त्याच्याकडे. त्या नंबरांमध्ये सगळा धंदा आहे. पुढच्या वर्षी माणसं त्याला फोन करतात, तुम्हाला नाही.

सहाशे रुपयांचा ट्रेक

आता वही काढा. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही भरायचे.

समजा, ग्राहकांनी आपापल्या गाडीने बोरगावला यायचं. तिथून पुढे एक दिवसाचा ट्रेक. बॅच १२ जणांची. तुम्ही आणि दोन मदतनीस, म्हणजे जेवायला १५ माणसं. सकाळचा नाश्ता, दुपारी नागलीची भाकरी, उडदाची आमटी, भात, ठेचा: माणशी १८० धरले तर २,७०० रुपये. दोन मदतनिसांचे प्रत्येकी ८०० प्रमाणे १,६००. एक जीप दिवसभर पायथ्याला उभी, तिचे १,५०० (जीप कशाला, ते पुढे सांगतो). अपघात विमा आणि प्रथमोपचाराचं सामान माणशी ४० प्रमाणे ४८०. गावाच्या निधीला माणशी ३०, म्हणजे ३६०. फोन, जाहिरात वगैरे ५००. बेरीज करा: ७,१४०.

बाजारात असा ट्रेक लोक ६०० रुपयांत विकतात असं धरू. १२ गुणिले ६००, झाले ७,२००. तुमच्या हातात उरले ६० रुपये. तुमची स्वतःची मजुरीसुद्धा त्यात सुटत नाही.

आता पुढचा प्रश्न, जो सहसा कुणी विचारत नाही. आदल्या रात्री धो धो पाऊस सुरू झाला आणि तुम्ही ट्रेक रद्द केला, तर? ग्राहकांचे पैसे परत. पण जाहिरातीचे ५०० गेले. किराणा-भाजी आणून ठेवली होती, त्यातले हजार गेले असं धरा. मदतनिसांना निम्मी मजुरी, ८०० रुपये. ही द्याच, कारण ट्रेक रद्द झाला की मदतनिसाचा रोज बुडत असेल, तर तोच तुमच्या कानाशी म्हणेल, 'चला ना दादा, काही होत नाही.' एकूण खड्डा २,३०० रुपयांचा.

प्रत्येक ट्रेकला ६० रुपये सुटणाऱ्या माणसाला २,३०० चा खड्डा भरायला किती ट्रेक लागतील? अडतीस भरूनही तो खड्डा पुरा भरत नाही! म्हणून तो माणूस ट्रेक रद्द करतच नाही. त्याला पाऊस दिसतो, पण गल्लाही दिसतो.

मग तो दुसरी युक्ती करतो. बॅच ३० ची करतो. मदतनीस तेच दोन, जीप तीच. ३० गुणिले ६००, १८,००० रुपये. जेवण ३३ माणसांचं ५,९४०, मदतनीस १,६००, जीप १,५००, विमा-औषधं १,२००, गावनिधी ९००, जाहिरात ५००. खर्च ११,६४०, शिल्लक ६,३६०. बघा, एका रविवारात सहा हजार! मोह इथे सुरू होतो. पण जंगलातल्या वाटेवर ३० माणसांची रांग किती लांब होते ते कधी मोजा. पुढच्याला मागचा दिसत नाही, हाक पोचत नाही. एकाचा पाय मुरगळला, त्याला धरून खाली न्यायला दोघं मदतनीस गेले, की उरलेली २९ माणसं तुमच्या एकट्याच्या गळ्यात.

आता तोच १२ जणांचा ट्रेक ९०० रुपयांना विका. जमा १०,८००, खर्च ७,१४०, शिल्लक ३,६६०. त्यातून तुमची लीडरची मजुरी १,२०० आधी काढा. मालकालाही पगार लावायचा, हे मी दर व्हिडिओत सांगतो. उरले २,४६०. समजा हंगामात दहा ट्रेक ठरवले आणि तीन रद्द झाले. सात ट्रेकचे १७,२२० उरले, तीन रद्द ट्रेकचा खड्डा ६,९००, निव्वळ १०,३२०. तुमची मजुरी वेगळी. फार नाही, पण धंदा उभा आहे, आणि तीनदा 'नाही' म्हणूनही उभा आहे.

व्यवहारात हे असं करा: झालेल्या प्रत्येक ट्रेकमधून १,००० रुपये वेगळ्या डब्यात. खात्यात नको, डब्यातच, दिसलं पाहिजे. सातांतून सात हजार. तीन रद्द ट्रेकचा खड्डा त्यातच भरतो. आभाळाकडे बघून निर्णय घेताना त्या डब्याचा किती आधार वाटतो, हे पहिल्याच हंगामात कळेल.

आता तुम्ही म्हणाल, सर, ६०० वाला शेजारी असताना आमच्याकडे ९०० देऊन कोण येणार? येतात. पण त्यांना ३०० जास्त कशाचे ते दाखवा. 'बारापेक्षा जास्त माणसं घेत नाही. तीन जण सोबत. गाडी पायथ्याला उभी. पाऊस जास्त असला तर ट्रेक रद्द, पूर्ण पैसे परत.' ही चार वाक्यं जाहिरातीत घाला. पोरांना घेऊन येणारे आई-बाप आणि स्टाफची सहल काढणारे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले अधिकारी ही वाक्यं दोनदा वाचतात. ज्यांना फक्त स्वस्त हवंय, त्यांना जाऊ द्या.

मागे फिरायची वेळ

रद्द करणं आदल्या रात्री सोपं असतं. अवघड असतं ते अर्ध्या वाटेवरून परत फिरणं. माथा पंधरा मिनिटांवर दिसतोय, सगळ्यांचे मोबाइल फोटोसाठी बाहेर आलेत, आणि तुम्ही म्हणता, 'चला मागे.' कुणीतरी म्हणणारच, 'अहो दादा, पैसे भरलेत आम्ही.'

यावर उपाय वर जाऊन शोधायचा नसतो. तो सकाळी पायथ्याशी, चहा घेतानाच करायचा. सगळ्यांना गोल उभं करा आणि मोठ्या आवाजात सांगा: 'मंडळी, आपण एक वाजेपर्यंत जिथे पोचू तिथून मागे फिरणार. माथा आला तरी आणि नाही आला तरी. ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडणार नाही. मागे फिरायचं मी सांगेन, त्यावर चर्चा नाही. कुणाला हे पटत नसेल तर आत्ता सांगा, पैसे परत देतो.' कुणी पैसे मागत नाही. पण वर गेल्यावर वादही कमी होतो, कारण आता तो नियम आहे, तुमची लहर नाही.

चालताना पुढे तुम्ही, सगळ्यात मागे तुमचा सगळ्यात भरवशाचा माणूस. लोक उलटं करतात, नवखं पोरगं मागे ठेवतात. अहो, थकलेला, घाबरलेला, रस्ता चुकणारा माणूस नेहमी मागेच असतो! वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. प्रत्येक थांब्यावर मुंडकी मोजायची, आणि पुढचे लोक विसावा घेऊन निघायच्या आत मागच्यांनाही बसायला वेळ द्यायचा. नाहीतर होतं असं, की जे दमलेले नाहीत ते आराम करतात आणि जे दमलेत ते चालतच राहतात.

पाण्याबद्दल जरा थांबून बोलतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. प्रवाहाच्या मध्यभागी उभी होती, पाणी वाढलं आणि परतायला वाटच उरली नाही. आपल्या खोऱ्यांत हे सहज होऊ शकतं, कारण तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या डोंगरावर पाऊस कोसळत असतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की मोजत बसायचं नाही. सगळ्यांना बाहेर काढायचं, आणि ज्या बाजूने घरी जायचंय त्याच काठावर. धबधब्याखाली अंघोळ हा तुमच्या ट्रेकचा भाग नाही, हे जाहिरातीतच लिहा. बुकिंग थोडी कमी होतील, होऊ द्या.

विजेचं गणित सोपं आहे. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीसच्या आत आवाज आला तर वीज जवळ आहे. उघडा माथा, एकटं झाड, कड्याची धार लगेच सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएमने बनवलेलं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये ठेवा, हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा आदल्या संध्याकाळी आणि सकाळी बघा. घाटमाथ्याला रेड अलर्ट असेल तर निर्णय झालेला आहे, ग्रुपवर मेसेज टाका आणि झोपा.

मोहोळाचंही सांगून ठेवतो. अत्तर, डिओ, धूर, मोठा स्पीकर, हे सगळं पायथ्याला. आग्या माश्या उठल्या तर पळायला जागा नसलेल्या वाटा किल्ल्यांवर असतात.

आणि ती जीप. गावात नेटवर्क कुठे येतं आणि कुठे जातं ते तुम्हाला माहीत आहे. १०८ ची रुग्णवाहिका तुमच्या फाट्यावर पोचायला किती वेळ घेईल, याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा दीड हजारात चालकासकट गाडी उभी ठेवा. गाडी पिवळ्या पाटीची हवी. खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं बसवली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. हंगामाच्या सुरुवातीला सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन विचारा, सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का. फुरसं-घोणस चावलेल्या माणसाला चिरा पाडायची नाही, दोरी आवळायची नाही. हातपाय हलू न देता लवकरात लवकर दवाखाना.

कागदपत्रं

इथे मी थोडक्यात सांगतो, कारण यावर वेगळा व्हिडिओ आहे.

महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. जमीन, पाणी, हवा अशा तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांसाठी आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. आपल्यासाठी नाशिकचं प्रादेशिक कार्यालय. आधी तिथे जा, सध्याचे अर्ज, शुल्क आणि अटी लेखी घ्या, मग पैसे गुंतवा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं; त्याचे पाचशे-हजार मागणाऱ्या एजंटला नमस्कार करा. सेवा व्यवसायाला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे, त्यामुळे पहिली काही वर्षं ती चिंता नाही.

वनखात्याची हद्द कुठे सुरू होते ते वनरक्षकाला विचारून घ्या. मुक्काम, चूल, ड्रोन, यासाठी तर नक्कीच. सुरगाणा हा पेसा क्षेत्रातला तालुका आहे, तेव्हा ग्रामसभेला वगळून काही करू नका. गावनिधीचे माणशी ३० रुपये मी हिशोबात घातले ते दानधर्म म्हणून नाही. रात्री नऊ वाजता कुणाला झोळी करून खाली आणावं लागलं, तर तीच माणसं येणार आहेत.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. 'मी माझ्या जबाबदारीवर येत आहे' अशा फॉर्मवर सही घेतली की आपण सुटलो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. निष्काळजीपणामुळे कुणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती सही त्याच्या आड येत नाही. फॉर्म घ्या, पण त्यात कामाचं विचारा: दमा, फिट, हृदयाचा त्रास, साखर, चालू गोळ्या, घरच्यांचा नंबर.

शिक्षणाचं म्हणाल तर पोरं लगेच उत्तरकाशीच्या 'निम'ची किंवा दार्जिलिंगच्या 'एचएमआय'ची स्वप्नं बघतात. चांगली संस्था, चांगला कोर्स. महिनाभर काढता आला तर जरूर करा. पण हातगडाच्या वाटेवर बर्फात कुऱ्हाड मारायची नाहीये. तुम्हाला पहिल्या वर्षी लागतो तो प्रथमोपचाराचा कोर्स. रेड क्रॉस, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांचे असतात. तुमच्या दोन्ही मदतनिसांनाही तो करायला लावा.

ताईंसाठी: २०२३ च्या 'आई' महिला पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परताव्याची सोय केलेली आहे. तरीही माझं मत असं, की पहिला हंगाम कर्जाशिवाय काढा. हप्ता डोक्यावर असलेला माणूस पावसाकडे नीट बघत नाही.

धबधबा बंद झाला तर

दर पावसाळ्यात कुठे ना कुठे अपघात होतो आणि जिल्हाधिकारी धबधब्यांवर जायला बंदी घालतात. त्या दिवशी ज्याच्याकडे विकायला फक्त धबधबा आहे, त्याचा धंदा बंद. म्हणून दुसरा बेत पहिल्या दिवसापासून तयार हवा. जुलैत भाताची आवणी चालू असते; शहरातल्या पोरांना चिखलात उतरून चार रोपं लावू द्या, नागली जात्यावर दळू द्या, चुलीवर भाकरी थापू द्या. ट्रेकची फी कमी करा, पण दिवस फुकट घालवू नका. ग्राहकाला बुकिंगच्या वेळीच सांगा, की पाऊस जास्त असेल तर हे, नको असेल तर पैसे परत. निम्मे लोक तरी येतात, आणि त्यांतल्या काही जणांना तोच दिवस जास्त आठवतो.

हिवाळ्यात बोरगाव-घोडांबे पट्ट्यात स्ट्रॉबेरी असते. सकाळी हातगड, दुपारी शेतात बसून स्ट्रॉबेरी, हा बेत डिसेंबर ते फेब्रुवारी चालतो, आणि पावसाची भानगडच नाही. सापुताऱ्याच्या हॉटेलात उतरलेल्या सुरतच्या कुटुंबाला हेच हवं असतं. तुम्हाला गुजराती बोलता येतं, तो फायदा पुण्याच्या आयोजकाकडे नाही. हॉटेलच्या काउंटरवर कार्ड ठेवा, माणशी कमिशन आधीच ठरवा.

मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, त्याआधी वाघबारस. इथे मात्र सांभाळून. शेंदूर लावलेल्या दगडाशी बूट घालून फोटो काढणारा पाहुणा तुमच्या गटात असेल तर गाव त्याला नाही, तुम्हाला बोलेल. काय दाखवायचं आणि काय नाही, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठरवा. देवाचं काम तिकीट लावून दाखवायची वस्तू करू नका. हे माझं स्पष्ट मत, धंद्यात बसत नसलं तरी.

पहिली बॅच कधी काढायची?

जूनमध्ये नाही! जाहिरातीला जोर तेव्हा असतो म्हणून सगळे जूनमध्ये सुरुवात करतात, म्हणजे सगळ्यात अवघड वाटेवर सगळ्यात नवखा लीडर. तुम्ही नोव्हेंबरमध्ये सुरू करा. वाटा कोरड्या, आभाळ मोकळं, दिवस थंड. पहिले दोन ट्रेक ओळखीच्या माणसांचे, फक्त खर्चापुरते पैसे घेऊन. त्यांत एक पन्नाशीचे काका आणि एक दहा वर्षांची मुलगी असू द्या.

त्याआधी त्याच वाटेची रेकी घड्याळ लावून करा. तुमच्या वेगाने नाही. पाठीवर सामान घेऊन, दर अर्ध्या तासाला थांबत. कुठल्या ठिकाणी किती वाजले, कुठे नेटवर्क आलं, कुठून जीपपर्यंत माणूस उचलून आणायला किती वेळ लागेल, हे वहीत लिहा. मग तीच वाट पावसात, जुलैमध्ये, ग्राहकाशिवाय चाला आणि शेजारच्या रकान्यात पुन्हा वेळा लिहा. दोन रकान्यांतला फरक बघून तुमची मागे फिरायची वेळ ठरवा. वर मी एक वाजता लिहिलं, ते उदाहरणापुरतं. तुमच्या वाटेचा आकडा तुमच्या वहीतून येईल.